कब कॅडेट १२२: सोळा महिने आणि १३० तास चालवल्यानंतर

इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीने कब कॅडेट हा बागकामाचा छोटा ट्रॅक्टर १९६१ मध्ये बाजारात आणला आणि १९८१ मध्ये हा व्यवसाय एमटीडी या कंपनीकडे गेला. १२२ हे मॉडेल त्या मधल्या काळातलं, १९६०च्या दशकाच्या मध्याचं. कोहलरचं के३०१ इंजिन, १२ अश्वशक्ती, तीन पुढचे गिअर, एक मागचा. इंजिन ते गिअरबॉक्स मध्ये पट्टा नाही, सरळ शाफ्ट आणि क्लच. हा अनुभव आहे गवत कापणे, ट्रॉली ओढणे आणि समोरचं पातं लावून माती सारणे या तीन कामांचा. मूळ विक्रेते बंद होत चाललेत, छोटी इंजिनं उघडणारे मेकॅनिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, अशा काळात हा ट्रॅक्टर घ्यावा का, याचं उत्तर आधीच देतो: घ्यावा, पण फीलर गेज (बारीक फटी मोजायच्या पट्ट्या), व्हर्निअर आणि टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा) हाताशी असेल तरच.

इंजिनापासून सुरुवात करू, कारण यातला सगळ्यात दीर्घायुषी आणि सगळ्यात सहज मारला जाणारा भाग तोच. के३०१ म्हणजे ओतीव लोखंडाचा ब्लॉक, बोअर ८५.७ मिमी, स्ट्रोक ८२.६ मिमी, व्हॉल्व्ह बाजूला. यात ऑइल पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या तळाशी एक चमच्यासारखा दांडा असतो, तो ऑइल उडवतो आणि तेवढ्यावर सगळं वंगण चालतं. रॉड ॲल्युमिनियमचा, त्यात बेअरिंगची वाटी नाही. तो थेट क्रँकच्या ३८.१ मिमी जर्नलवर, म्हणजे गुळगुळीत घासलेल्या गोल भागावर, फिरतो. म्हणून पातळी खाली गेली किंवा उतारावर तिरकं बराच वेळ चालवलं, की आधी रॉड चिकटतो, मग तुटतो आणि कधीकधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. ऑइल एसएई ३०, दर २५ तासांनी बदललं, पातळी दर वेळी सुरू करण्याआधी पाहिली. १३० तासांत भर घालावी लागली ती फक्त कडक उन्हातल्या कामात.

दुसरा मारेकरी म्हणजे पत्र्याखाली साचलेलं गवत. फ्लायव्हीलचा पंखा हवा फेकतो, पण सिलिंडरच्या फिन्समध्ये, म्हणजे थंड करणाऱ्या पात्यांमध्ये, गवत आणि ऑइल मिळून घट्ट चिखल झाला की हवा आत शिरतच नाही. बाहेरून काहीच दिसत नाही. हंगामात एकदा वरचा पत्रा पूर्ण काढून लाकडी पट्टीने फिन्स मोकळ्या करा. हे न केल्याने हेड वाकतं, गॅस्केट फुटतं, एक्झॉस्टची सीट सैल होते आणि दोष नेमका पेट्रोलवर ढकलला जातो. हेड परत बसवताना बोल्ट एकदम आवळू नका. तीन टप्प्यांत, आलटून पालटून, शेवटी ३५ ते ४० न्यूटन-मीटर.

टॅपेटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या दांड्यात, समायोजन आहे, हे या इंजिनाचं मोठं सुख. थंड इंजिनावर इनटेक ०.२० ते ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.४३ ते ०.४८ मिमी. ज्या इंजिनात कॅमवर कॉम्प्रेशन सैल करणारी यंत्रणा आहे, तिथे एक्झॉस्टचं अंतर वाढलं की ती यंत्रणा कामच करत नाही आणि स्टार्टर अडखळत फिरतो. बॅटरी बदलून काही होत नाही, कारण दोष टॅपेटचा असतो. त्याच यंत्रणेमुळे साध्या कॉम्प्रेशन गेजचा आकडाही फसवा येतो. इंजिनाची खरी तब्येत पाहायची तर सिलिंडरमध्ये हवा भरून गळती कुठून होते ते ऐका: कार्ब्युरेटरमधून, सायलेन्सरमधून की ब्रीदरमधून.

प्रज्वलन पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) आणि कंडेन्सरचं. बाजूच्या छोट्या डबीत पॉइंट बसतात आणि कॅमवरची एक काडी त्यांना ढकलते. अंतर ०.५० मिमी. पण नुसत्या अंतरावर थांबू नका. कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला टेस्ट लॅम्प लावा, दुसरं टोक बॉडीला, इग्निशन चालू, आणि फ्लायव्हील हाताने फिरवा. इंजिनावरच्या छोट्या खिडकीत फ्लायव्हीलवरची एस खूण मध्यावर येते त्याच क्षणी दिवा पेटला पाहिजे. ती खूण पिस्टन वर पोहोचण्याच्या २० अंश आधीची, तिच्या शेजारची टी म्हणजे पिस्टन अगदी वर. नवीन पॉइंट पहिल्या काही तासांत बसतात, अंतर घटतं आणि ठिणगी उशिरा पडते. म्हणून दहा तासांनी पुन्हा तपासा. या वापरात दहा तासांनी अंतर ०.४२ वर आलं होतं. एकदा सुधारल्यावर शेवटपर्यंत फारसं हललं नाही.

कार्ब्युरेटरबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण इथे सगळेच पहिली चूक करतात. इंजिन एकसारखं चालत नाही, वेग वरखाली होतो, म्हणून लोक गव्हर्नरची, म्हणजे वेग आवरणाऱ्या यंत्रणेची, स्प्रिंग ताणत बसतात. ही स्प्रिंग ताणून मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या वर नेलेलं इंजिन रॉड तोडून घेतं. बहुतेक वेळा खरं कारण थ्रॉटलच्या शाफ्टचं झिजलेलं भोक असतं. तिथून फुकटची हवा आत जाते. इंजिन चालू असताना शाफ्टच्या टोकाजवळ कार्ब्युरेटर क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारा, तापलेल्या सायलेन्सरपासून दूर. आवाज बदलला की निदान झालं. उपाय: भोक थोडं मोठं करून पितळी बुश बसवणं, आणि हे कुठल्याही लेथवर होतं.

नवीन नकली कार्ब्युरेटरही लावून पाहिला. पहिले वीस तास उत्तम. पण त्याच्या बटरफ्लायचे, म्हणजे हवा अडवणाऱ्या तबकडीचे, दोन बारीक स्क्रू सैल व्हायला लागले. ते गळले तर थेट सिलिंडरमध्ये जातात. असा कार्ब्युरेटर घेतलाच, तर बसवण्याआधी ते स्क्रू काढून थ्रेडलॉकर लावा आणि फ्लोटची उंची सुमारे ४.४ मिमी आहे का ते मोजा. बुश घातलेला मूळ कार्ब्युरेटर मात्र उरलेले शंभरेक तास निमूट चालला. मूळ ओतकामाची ही वस्तू कधीही टाकून देऊ नका. एखादं मेलेलं इंजिन मिळालं तर त्याच्यासोबत कार्ब्युरेटर, गव्हर्नरचे दांडे, पत्रे आणि पुलीसुद्धा घ्या. हे भाग आता नव्याने सहज मिळत नाहीत.

स्टार्टर आणि जनरेटर एकच यंत्र आहे, पट्ट्याने क्रँकला जोडलेलं. पट्टा अंगठ्याने दाबला तर सहा मिलिमीटर दबावा. जास्त आवळला तर पुढचं बेअरिंग जातं, सैल राहिला तर सुरू करताना घसरतो. यंत्र उघडलं किंवा रेग्युलेटर बदलला की सुरू करण्याआधी रेग्युलेटरच्या बॅटरी आणि जनरेटर या दोन टोकांना तारेने क्षणभर जोडा. हे पोलराइझ करणं विसरलं की नवीन रेग्युलेटरचे कॉन्टॅक्ट जळतात.

आता शाफ्ट आणि क्लच. यात सगळ्यात जास्त झिजतात त्या शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या गुंडाळी पिना (पोलादी पत्रा गुंडाळून केलेल्या). पिन कापली जाण्यापेक्षा पिनेचं भोक अंडाकृती होणं वाईट, कारण मग नवीन पिनही महिनाभरात खुळखुळते. भोक पुढच्या मापाला गोल रीम करून जाड पिन घालणं पुरतं. क्लचचं बेअरिंग आणि रिलीज लिव्हर यांत सुमारे १.३ मिमी अंतर ठेवा. शून्य ठेवलं तर बेअरिंग सतत फिरतं आणि क्लचची तबकडी पूर्ण पकड घेत नाही. माती सारताना वास येतो तो यामुळेच. गिअरबॉक्समध्ये हाय-ट्रान नावाचं ऑइल जातं. बूच सैल करून आधी पेलाभर काढा. तळाशी पाणी असेल तर तेच पहिल्यांदा येतं. दुधाळ निघालं तर सगळं बदला.

भाग मिळवण्याची एक गोष्ट या सोळा महिन्यांत पक्की झाली: मॉडेलच्या नावाने मागू नका, मापाने मागा. बेअरिंगच्या कडेवर आकडा असतोच. ६२०३ म्हणजे १७, ४० आणि १२ मिमी. ६२०४ म्हणजे २०, ४७ आणि १४. ६२०५ म्हणजे २५, ५२ आणि १५. सावध राहा एका ठिकाणी: बाहेरून ४० मिमीचं, पण आतलं भोक १७ऐवजी १५.९ मिमी, म्हणजे पाच-अष्टमांश इंचाचं, असं बेअरिंगही या जुन्या यंत्रांत सापडतं. शाफ्ट न मोजता आणलेलं सरळ परत जातं. ऑइल सीलचे तीन आकडे लिहून घ्या: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. पट्टा मात्र फक्त लांबीवर घेऊ नका. डेकच्या, म्हणजे खालच्या गवत कापणीच्या भागाच्या, उलट वळणाच्या पुलीवर साधा औद्योगिक पट्टा आठवड्यांत तुटतो, तिथे अरामिड धाग्याचा, बाहेरून कापड गुंडाळलेलाच टिकतो.

बोअरिंगसाठी, म्हणजे झिजलेला सिलिंडर मोठ्या मापाला कापून घेण्यासाठी, छोट्या इंजिनांचं दुकान शोधत फिरण्यापेक्षा मोटारसायकलची इंजिनं करणारी यंत्रशाळा पाहा. पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक देऊ नका. ओव्हरसाइझ पिस्टन ०.२५, ०.५० आणि ०.७५ मिमीचे असतात, आणि कारागिराने प्रत्यक्ष त्या पिस्टनवरूनच बोअर ठरवावा. क्रँकचा जर्नल घासावा लागला तर ०.२५ मिमी लहान मापाचा रॉड मिळतो. मात्र जर्नल ०.२५पेक्षा जास्त खाल्लेला असेल तर दुसरा क्रँक शोधणं स्वस्त पडतं.

१३० तासांत काम थांबलं ते तीनदा: एकदा पिन, एकदा डेकचा पट्टा, एकदा कंडेन्सर. तिन्ही वेळा दुरुस्तीचा भाग पेटीत होता. आता पेटीत कायम असतं ते हे: पॉइंट आणि कंडेन्सरचा एक जोड, दोन प्लग, हेडचं गॅस्केट, चार गुंडाळी पिना, दोन पट्टे, मीटरभर पेट्रोलची नळी. पुढचं काम स्टीअरिंगच्या डबीचं आहे. चाकावर बोटभर खेळ आला आहे आणि आतली निमुळती खुंटी काढून मोजायची आहे.