मशीनवरच्या माणसाला उठवायचं की झोपू द्यायचं?

परवा रात्री साडेदहाला फोंड्याहून चुलतबहिणीचा मेसेज. "दादा, बाबांना व्हेंटिलेटर लावून आज तिसरा दिवस, आणि फिजिओवाली म्हणते उद्या बेडच्या कडेला बसवूया, आईने रडून गोंधळ घातलाय, हो म्हणू की नको?" मी स्वतः फिजिओ, आयसीयूत बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे नात्यातलं कोणी आत गेलं की असा मेसेज मलाच येतो. तिला फोनवर घाईघाईत जे सांगितलं ते इथे जरा नीट लिहितो, कारण बांबोळीला, गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, आयसीयूच्या बाहेर जे बसलेले असतात, इथले म्हणा नाहीतर बांदा-सावंतवाडीकडून ॲम्ब्युलन्समधून आलेले म्हणा, त्यांना हाच प्रश्न पडतो आणि आत विचारायची भीती वाटते.

काकीचं म्हणणं चूक नाही हो. घशात नळी, हाताला सलाईन, गळ्याकडे आणखी एक लाईन, मॉनिटर सारखा टिंगटिंग करतोय, अशा माणसाला "बसवूया" म्हटलं की कोणाच्याही पोटात गोळा येणारच. आपल्याकडे आजारी माणसाने पडून राहायचं, पेज प्यायची आणि अंगात ताकद आली की उठायचं, हीच रीत. पण मशीनवरच्या माणसाचं गणित उलटं आहे, तो पडून राहिला की असलेली ताकद जाते, आणि ती इतकी झपाट्याने जाते की बघणाऱ्याला पत्ता लागत नाही कारण अंगावर चादर असते. 2013 साली इंग्लंडमध्ये 63 गंभीर पेशंटच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने मोजत गेले, तर 10 दिवसांत तो जवळजवळ 18 टक्के आटला होता. आणि हे मांडीपुरतंच नाही, श्वास ओढणारा पडदा पण स्नायूच आहे, मशीन त्याचं काम करतं तेव्हा तोही ढिला पडतो, मग मशीन काढायची वेळ आली की निघत नाही.

तर पहिला पर्याय, गुंगीचं औषध चालू ठेवून शांत झोपवणं. काही पेशंटना हे लागतंच, फुप्फुसं फारच खराब असतील किंवा मेंदूवर दाब वाढलेला असेल तर तिथे वाद नको. पण "बरा झोपलाय ना, झोपू दे" म्हणून जे औषध चालू राहतं त्याची किंमत मोजावी लागते. 2000 साली शिकागोत 128 पेशंटवर एक साधी गोष्ट करून बघितली, रोज एकदा गुंगीचं औषध थांबवायचं आणि माणूस जागा होतो का बघायचं. मशीनवरचे दिवस 7.3 वरून 4.9 वर आले, बाकी काही नाही, फक्त औषध थांबवलं. शिवाय जास्त गुंगीतून बाहेर येणारे पेशंट जे बडबडतात ते तुम्ही ऐकलं नसेल. एक आजोबा मला दोन दिवस विचारत होते फेरीबोट कधी सुटणार, त्यांना तो मॉनिटरचा आवाज आणि बेडच्या कडा म्हणजे बोटच वाटत होती, आणि मी तिकीट मागत नाही म्हणून माझ्यावर वैतागत होते. बाहेरच्या लोकांना हसायला येतं, पण घरचा माणूस घरच्यांना ओळखत नाही तेव्हा मुलीचं काय होतं ते मी बघितलंय.

मधला एक प्रकार आहे, माणूस झोपलेलाच आणि फिजिओ येऊन हातपाय हलवून जाते, किंवा बेडला सायकल लावून पाय फिरवतात. नातेवाईकांना हे सगळ्यात जास्त आवडतं, काहीतरी चाललंय असं दिसतं आणि भीती पण नाही. हलवल्याने सांधे आखडत नाहीत हे खरं, नक्की करावं, पण दुसऱ्याने पाय हलवून आपल्या पायात ताकद येत नाही, पेशंटने स्वतः जोर लावायला पाहिजे. सायकलचं म्हणाल तर 2024 मध्ये 360 पेशंटचा मोठा अभ्यास आला, नेहमीच्या फिजिओवर सायकल जास्तीची देऊन ताकदीत फरक पडला नाही. सायकलने नुकसान झालं असंही नाही. पण कोणी सांगितलं की आमच्याकडे सायकलचं मशीन आहे म्हणून आमची आयसीयू भारी, तर त्यावर जाऊ नका.

आता काकीला ज्याची भीती वाटतेय तो पर्याय, गुंगी कमी करायची, माणूस डोळे उघडून "हात दाबा" म्हटल्यावर दाबायला लागला की त्याच दिवसापासून सुरू. आधी बेडवर स्वतः हातपाय उचलणं, मग कडेला पाय सोडून बसणं, जमलं तर उभं राहणं, जागच्या जागी दोन पावलं, खुर्ची. मशीन लावलेलं असतानाच. एकजण फक्त नळी धरून असतो, त्याला दुसरं काम नाही, एक पाठीला, एक पुढे, मॉनिटरवर नजर. 2009 मध्ये अमेरिकेत 104 पेशंटवर झालं हे, एका गटात नळी टाकल्यापासून साधारण दीड दिवसात सुरू, दुसऱ्यात जवळजवळ आठवड्याने. हॉस्पिटलमधून निघताना आपलं आपण अंघोळ, कपडे, जेवण, चालणं करणारे पहिल्या गटात 59 टक्के, दुसऱ्यात 35. भ्रमाचे दिवसही 4 वरून 2 वर. शिकागोच्याच लोकांनी 2023 मध्ये 200 पेशंटचं वर्षानंतरचं बघितलं, डोकं नीट न चालण्याचा त्रास लवकर उठवलेल्यांत 24 टक्के, उशिरा उठवलेल्यांत 43. मला हा आकडा पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. चालायला लागतो माणूस हळूहळू, पण दुकानाचा हिशोब जमेनासा झाला, औषधं घेतली का तेच आठवत नाही, हे घरच्यांना वर्षभर पुरतं.

मग सरळ हो म्हणायचं? थांबा, चौथी गोष्ट आहे आणि ती आम्हा फिजिओ लोकांना फारशी आवडत नाही. 2022 मध्ये टीम नावाचा अभ्यास आला, 6 देश, 750 पेशंट. एका गटाला नेहमीसारखा व्यायाम, दुसऱ्याला गुंगी कमी करून जितका झेपेल तितका जास्त, रोज साधारण 9 मिनिटांविरुद्ध 21 मिनिटं. सहा महिन्यांत घरी जिवंत घालवलेले दिवस जवळजवळ सारखेच, 145 आणि 143. पण बीपी खालीवर होणं, हृदयाचे ठोके बिघडणं, ऑक्सिजन उतरणं असले प्रकार जास्त व्यायामवाल्या गटात 9.2 टक्के लोकांना, दुसऱ्यात 4.1. नंतरच्या विश्लेषणात डायबेटिसवाल्यांना व्यायामाचा जास्तीचा डोस महागात पडत असावा असंही दिसलं, आणि आमच्या घराण्यात डायबेटिस नाही असा माणूस शोधावा लागेल, काकांना तर वीस वर्षं आहे.

बरेच जण हा अभ्यास दाखवून म्हणतात बघा, उठवून काही उपयोग नाही. मला ते पटत नाही. त्यातला "नेहमीचा" गट झोपून नव्हता, त्यांनाही रोज 9 मिनिटं हलवत होतेच. म्हणजे तुलना उठवणं आणि झोपवणं यांची नव्हती, थोडं आणि जास्त यांची होती. 2009 मधला फायदा लवकर सुरू करण्याचा, 2022 मधलं नुकसान रेटण्याचं, मी तरी असंच वाचतो. लवकर सुरू करा, थोडं करा, रेटू नका.

नाही कधी म्हणायचं ते सोपं आहे. मशीनमधून ऑक्सिजन 60 टक्के किंवा वर लागतोय, सॅच्युरेशन म्हणजे रक्तातला ऑक्सिजन 90 च्या खाली, श्वास मिनिटाला 30 च्या वर, बीपीचं औषध वाढवत चाललेत, ठोके बिघडलेत, तर त्या दिवशी बसवणं नको, उद्या परत बघायचं. नुसती घशात नळी आहे हे मात्र न उठवण्याचं कारण नाही, नातेवाईक इथेच अडकतात. नळी निसटेल ही भीती बरोबर आहे, म्हणूनच तो एक माणूस फक्त नळीला, पण नीट करणाऱ्या टीममध्ये असं क्वचित होतं. 48 अभ्यासांतली 22 हजारांवर सेशन एकत्र करून बघितली तेव्हा सगळे लहानमोठे बिघाड मिळून 2.6 टक्के निघाले.

त्यामुळे मी बहिणीला म्हटलं, सही करायची का हे नंतर, आधी चार गोष्टी विचार. गुंगीचं औषध आज किती कमी केलं, बाबा सांगितलेलं ऐकतात का, बसवताना किती माणसं असणार, आणि रविवारी कोण असतं. हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम घातला, कारण आपल्याकडे खरी अडचण तिथे आहे. छोट्या हॉस्पिटलात एकच फिजिओ, तो सकाळी वॉर्ड करून दुपारी आयसीयूत पोचतो, रविवारी नाही, चवथीला तर विचारूच नका, आणि नर्सच्या हाताखाली इतके पेशंट असले की नळी धरायला रिकामा माणूस मिळत नाही. दोनच माणसं असतील तर मी स्वतः पेशंटला उभं करत नाही, डोक्याकडची बाजू उचलून बसता करतो, हातपाय त्याचे त्याला उचलायला लावतो, तेवढ्यावर थांबतो. हे कमी नाही.

तिने दुसऱ्या दिवशी विचारलं. गुंगी अर्ध्यावर आणलीय, काका हाक मारल्यावर बघतात, तीन माणसं असणार. हो म्हण म्हटलं. सहा मिनिटं बसले, मान पुरती धरवत नव्हती, सॅच्युरेशन 91 वर आलं तसं परत झोपवलं. काकी काचेतून बघत होती, म्हणाली हे कुठे माझ्याकडे बघतायत, कोणीतरी परकं असल्यासारखं बघतायत. मला तेव्हा आठवलं, काकांना चष्म्याशिवाय हाताच्या अंतरावरचं दिसत नाही, आणि चष्मा तीन दिवस घरी टीव्हीवर पडलाय. बहिणीला म्हटलं, उद्या जाताना तो घेऊन जा, आणि आत गेलीस की मोठ्याने सांग आज वार कुठला आणि चवथीला किती दिवस राहिले.