हॅवलॉकचं दुपारचं जेवण: कोल्हापुरातून अंदमानला निघालेल्यांनी आधी हे वाचा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की राजारामपुरी-शाहूपुरीतल्या ट्रॅव्हल ऑफिसांच्या काचांवर अंदमानचे निळेशार फोटो लागतात. पॅकेजमध्ये विमान, बोट, हॉटेल, गाडी, नाश्ता आणि रात्रीचं जेवण असतं. दुपारचं जेवण नसतं. कागदावर बारीक अक्षरात ‘एमएपी’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच. बेटावर पर्यटकाचा खिसा कापला जातो तो नेमका ह्या दुपारच्या जेवणात. आमचा कापला गेला, म्हणून लिहितोय.

आमच्या कागदावर तर आणखी एक ओळ होती: ‘दुपारी स्थानिक सी-फूड हॉटेलमध्ये भोजन’. पैसे कोणी द्यायचे याबद्दल चकार शब्द नाही. निघण्याआधी विचारलं तेव्हा एजंट म्हणाला, “ड्रायव्हर आपलाच माणूस आहे, चांगल्या ठिकाणी नेतोय, काळजीच करू नका.”

पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून कागदोपत्री श्री विजयपुरम) हॅवलॉकला खासगी बोटीनं दीड-दोन तास लागतात. हॅवलॉकचंही २०१८ साली स्वराज द्वीप झालंय, पण धक्क्यावर सगळे हॅवलॉकच म्हणतात. आम्ही सहाजण होतो: मी, बायको, आई, आक्का, दाजी आणि त्यांचा मुलगा. पहाटे हॉटेलनं नाश्ता म्हणून खोक्यात भरून दिलेला ब्रेड बोटीतच संपला होता. भर दुपारी उतरलो तेव्हा बोट लागून आईचं डोकं गरगरत होतं आणि पोरगं भुकेनं रडकुंडीला आलेलं. नावाची पाटी धरून ड्रायव्हर उभाच होता. त्यानं बॅगा झटपट गाडीत टाकल्या. इथून पुढे सामान गाडीत, गाडी त्याच्या हातात आणि आम्ही त्याच्या मागे. सगळी गंमत ह्या एका गोष्टीवर चालते.

धक्क्याजवळ गोविंदनगरचा बाजार आहे, तिथं भात-माशाची लहान लहान हॉटेलं दिसत होती. बायको म्हणाली, इथंच थांबू या. ड्रायव्हरनं गाडीचा वेगसुद्धा कमी केला नाही. म्हणे इथं स्वच्छता नाही, पोट बिघडेल, शिवाय सूर्यास्त चुकेल. सूर्यास्ताचं मात्र खरं आहे. अंदमान पार पूर्वेला, पण घड्याळ आपलंच, त्यामुळे थंडीत पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. आणि राधानगरचा किनारा धक्क्यापासून १२ किलोमीटरवर. (आई शेवटपर्यंत त्याला राधानगरीच म्हणत होती, धरण कुठं दिसंना म्हणून थोडी नाराजही होती.) ‘टाइम’ मासिकानं २००४ साली ह्या किनाऱ्याला आशियातला सर्वोत्तम म्हटलं होतं, तेव्हा तो चुकवायची कुणाची तयारी नसते. ड्रायव्हरला हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

त्यानं नेलं ते हॉटेल दिसायला देखणं होतं. नारळाची झाडं, बांबूचं छत, दारातच बर्फावर मांडलेले मासे. मेनूकार्डात भाताचा, डाळीचा दर लिहिलेला. माशांच्या रांगेत मात्र सगळीकडे ‘एपीएस’, म्हणजे आकारानुसार. वेटरनं एक लालभडक रेड स्नॅपर उचलून दाखवला. कल्ले लाल, डोळे टपोरे, बोट दाबलं तर मांस लगेच वर येणारं. रत्नागिरी-मालवणची मासळी घाट चढून आपल्याकडे येते, त्यामुळे ताजा मासा ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. मासा ताजाच होता. मी दर विचारला. तो म्हणाला, “एकसौ अस्सी.” आणि मासा घेऊन आत गेलासुद्धा. पाठोपाठ कोळंबीही गेली.

जेवण बरं होतं, खोटं कशाला बोलू. फक्त ताटात आलेल्या माशाला डोकं नव्हतं, आणि दारात पाहिलेल्या धुडापुढे ते तुकडे फारच लहान वाटत होते. आक्का म्हणालीसुद्धा, “ह्यो त्योच मासा न्हवं.” पण एकदा मसाल्यात गेल्यावर सिद्ध कसं करणार?

मग बिल आलं. छापील नव्हे, वहीच्या कागदावर बॉलपेननं.

मासा २ किलो २०० ग्रॅम, ३९६० रुपये. म्हणजे १८० हा दर शंभर ग्रॅमचा होता. कोळंबी ६०० ग्रॅम, १५००. भात, डाळ, रोट्या, पाण्याच्या बाटल्या धरून बेरीज ७१६०. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज ७१६. त्या सगळ्यावर पुन्हा पाच टक्के जीएसटी. एकूण ८२७०. वर तोंडी सूचना: नेटवर्क नाही, रोखच द्या.

२०१९ च्या शेवटी मटणाचा दर वाढला तेव्हा कोल्हापूरनं आंदोलन केलं होतं. त्या गावच्या माणसांपुढे असला कागद ठेवायला धाडस लागतं. दाजींचा मार्केट यार्डात गुळाचा व्यवहार आहे. त्यांचं आयुष्य काट्यापुढे गेलंय. मासा वजन करायला आत नेला तेव्हा ते पोराला घेऊन बाहेर होते. आता ते उठले आणि म्हणाले, “काटा दाखवा.”

काटा मागच्या अंगाला, मोरीजवळ होता. योगायोगानं दुसऱ्या कुणाचा तरी मासा तिथं येत होता. पोऱ्यानं काट्यावर आधी प्लॅस्टिकचा टब ठेवला. टबात बर्फाचं पाणी तसंच. मासा अजून हातातच होता आणि आकडा दिसत होता ५८० ग्रॅम. दाजींनी मला खूण केली, “बघ, धडा केलेलाच न्हाई.” म्हणजे भांड्याचं वजन आधी वजाच केलेलं नव्हतं. गुळाच्या बाजारात कुणी असं केलं तर अडते त्याला उभा सोलतील. काट्यावर वजनमाप खात्याचा शिक्काही कुठं दिसला नाही. शंभर ग्रॅमला १८० च्या हिशेबानं नुसत्या टबाचे आणि पाण्याचे हजारावर रुपये झाले की हो!

मालकाला आधी जीएसटी क्रमांक विचारला. क्रमांक १५ अक्षर-आकड्यांचा असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो आणि अंदमानचा ३५ नं. तो म्हणाला, आम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे लहान धंद्यांसाठीच्या सोप्या कर-योजनेत आहोत. दाजी म्हणाले, मग तर गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेताच येत नाही. हे खरंच आहे, त्या योजनेतल्या हॉटेलला कर आपल्या उलाढालीतून भरावा लागतो. जीएसटीवर काट मारली गेली. मग सर्व्हिस चार्ज. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगून ठेवलंय की तो बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. मी एवढं बोलेपर्यंत त्यावरही काट बसली. इतक्या पटकन पुसले जाणारे पैसे कसले होते ते समजायला वकील नको.

टबाच्या वजनावर मात्र तो अडून बसला. आणि बरोबर त्याच वेळी ड्रायव्हरनं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. “सनसेट जाएगा, सर.” आई खुर्चीत पेंगत होती. शेवटी ६५०० वर तुटलं. ड्रायव्हर स्वतः आतून जेवून तृप्त बाहेर आला होता, त्याचं बिल कुणी मागितल्याचं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षा करून गोविंदनगरच्या बाजारात गेलो आणि एका बंगाली बाईच्या हॉटेलात जेवलो. हॅवलॉकवरची बरीच वस्ती पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची आहे, त्यामुळे भात, पातळ डाळ, एक भाजी आणि मोहरीच्या रश्श्यातला मासा हे तिथलं घरगुती जेवण. माणशी दोनशेच्या आत पोट भरलं. आपल्या तांबड्या रश्श्याचा झटका त्यात नाही, दाजींनी बरोबर नेलेली चटणी काढलीच, पण मासा स्वच्छ आणि ताजा होता. आदल्या दिवशीची हकीकत ऐकून त्या बाईंना हसू आलं. त्यांच्याकडे टूरच्या गाड्या का थांबत नाहीत, तर बाई ड्रायव्हरला काही देत नाहीत म्हणून. मोठ्या जागी बिलातला वाटा ड्रायव्हरला मिळतो, आणि बिल जितकं फुगेल तितका वाटा फुगतो. म्हणून तो थाळीच्या ठिकाणी न नेता, वजनावर मासा विकणाऱ्या ठिकाणी नेतो.

तिथं महाग ते सगळं फसवणूक, असं मात्र समजू नका. मासे, नारळ आणि थोडाफार भाजीपाला सोडला तर बहुतेक माल चेन्नई-कोलकात्याहून जहाजानं येतो. डाळीची वाटी कोल्हापूरच्या दुप्पट लागली तर कुरकुर करण्यात अर्थ नाही. हॉटेलात बसून घेतलेली पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा महाग लावली तरी भांडू नका, २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला मोकळीक दिलीय. आपला जोर माशाच्या वजनावर ठेवा.

मासा निवडला की दर किलोचा, शंभर ग्रॅमचा की नगाचा ते आकडा लिहून घेऊन ठरवा. रिकामा टब काट्यावर ठेवून शून्य करायला लावा, मासा आपल्यासमोर ठेवा आणि त्या आकड्याचा मोबाइलवर फोटो काढा. शिजवताना डोकं टाकू नका म्हणून सांगा, तिखट रस्सा तर डोक्याचाच चांगला होतो. एवढं करायला कुणी खळखळ केली तर शाकाहारी थाळी मागवा, नाहीतर उठा. धक्क्यावर उतरल्यावर आधी बाजारात जेवायचं आणि मग गाडीत बसायचं, हे ड्रायव्हरला बॅगा द्यायच्या आधी सांगायचं. राधानगरला जाताना पोटात काही असेल तर तिथं वाटेवरच्या टपऱ्यांवर शहाळं आणि फळांवर भागतं. थोडी रोख जवळ ठेवा, बेटावर एटीएम मोजकीच आहेत, पण शक्य तिथं यूपीआयनंच द्या. पैसे कुणाच्या नावावर गेले ते तरी कळतं.

कारण पुढची अडचण तीच झाली. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला तेव्हापासून आपण जिथं राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे अंदमानच्या हॉटेलवर कोल्हापुरात. मुदत दोन वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य. आधी १९१५ ह्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो. मी केला. तिकडून पहिला प्रश्न आला, बिलावर हॉटेलचं नाव काय? बिलावर अन्नपरवान्याचा १४ आकडी क्रमांक छापणं बंधनकारक आहे, आमच्या वहीच्या कागदावर तो तर सोडाच, नावही नव्हतं. पाटीचा फोटो कुणी काढला नव्हता, सगळ्यांनी माशाचे काढले होते.

राहिला एजंट. त्यानं चहा मागवला, ऐकून घेतलं आणि म्हणाला, “लंच आपल्यात येतच नाही हो, ते तिथलं तिथं.” मी कागदावरची ‘भोजन’ची ओळ पुढे सरकवली. त्यावर त्यानं पुढच्या सहलीत पाचशे रुपयांची सूट देऊ केली. ती घेतली नाही. त्याच्या कागदावर नाव, शिक्का, सही सगळं आहे, त्यामुळे तक्रार आता त्याच्याच नावानं लिहायला घेतलीय. तुमच्या कागदावरही अशी ‘भोजना’ची ओळ असेल, तर पैसे भरायच्या आधी तिच्यापुढे ‘खर्च कोणाचा’ एवढं त्याच्याच हातानं लिहून घ्या आणि खाली सही मागा.