सीएसआर फिल्मचं काम, मार्चची घाई आणि बुडालेले पैसे

जिल्ह्याच्या गावी राहून व्हिडिओचं काम करणाऱ्या प्रत्येकासाठी हे लिहिते आहे. लग्नाचे, शाळांचे, साखर कारखान्यांचे व्हिडिओ करता करता आपल्यापैकी बरेच जण माहितीपटाकडे वळतात आणि तिथे पहिलं मोठं काम मिळतं ते बहुधा एखाद्या कंपनीच्या सीएसआरचं, म्हणजे कंपनीने केलेल्या सामाजिक कामाच्या फिल्मचं. मलाही तसंच मिळालं. मी सांगलीत काम करते. एक कॅमेरामन, एक एडिटर आणि लागेल तसे बाहेरचे लोक, एवढंच आमचं युनिट.

आधी हे काम येतं कसं ते सांगते, कारण फसवणूक त्याच वाटेने येते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. मग जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्यांना आठवण होते, की गावात शेततळं खोदलं, अंगणवाडी रंगवली, बचत गटाला शेळ्या दिल्या, पण त्याची फिल्म नाही. कंपनी आपल्याला ओळखत नाही. ती पुण्या-मुंबईतल्या एजन्सीला सांगते आणि एजन्सी जत, आटपाडी, माणदेशात जाऊ शकेल असा जवळचा माणूस शोधते. यात प्रामाणिक एजन्सी पुष्कळ आहेत, त्यांच्यासोबत मी आजही काम करते. पण घाई सगळ्यांचीच असते, त्यामुळे लबाड माणसाची घाई वेगळी ओळखू येत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये अशाच एका एजन्सीचा फोन आला. बोलणारा माणूस अतिशय नम्र. "मॅडम, तुमचं बेदाण्याच्या शेडवरचं काम पाहिलंय, आम्हाला तसाच साधेपणा हवाय." पहिलं काम छोटं होतं, एका शाळेच्या कार्यक्रमाचं, २५,००० रुपयांचं. बिल पाठवलं आणि तिसऱ्या दिवशी पैसे खात्यात. या धंद्यात तीन दिवसांत पैसे देणारा माणूस भेटला की आपण दहा जणांना सांगतो. मीही सांगितलं. नंतर कळलं की साताऱ्याच्या आणि नाशिकच्या दोन निर्मात्यांनाही त्यांनी याच रकमेच्या आसपासचं छोटं काम देऊन असेच वेळेत पैसे दिले होते. छोट्या कामाचे पैसे पटकन देणं हा त्यांचा गळाला लावलेला दाणा होता.

जानेवारीत मोठं काम आलं. जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या गावांत सहा फिल्म्स, प्रत्येकी ७०,००० रुपये. म्हणजे ४,२०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ७५,६००, एकूण ४,९५,६००. जीएसटी नंबर असल्याशिवाय व्हेंडर म्हणून नोंद होत नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. १,००,००० रुपये ॲडव्हान्स, उरलेले "फायनल अप्रूव्हलनंतर". वर्क ऑर्डर मागितली तर उत्तर आलं, "कंपनीकडून पीओ (खरेदीचा लेखी आदेश) आला की लगेच पाठवतो, तोवर हा ई-मेलच वर्क ऑर्डर समजा." ॲडव्हान्समधून १० टक्के टीडीएस, म्हणजे देणाऱ्याने माझ्या नावाने सरकारात भरायचा कर, कापून ९०,००० जमा झाले. टीडीएस कापलाय म्हणजे हिशेब चोख आहे, असंच कुणालाही वाटेल.

त्या भागात शूटिंग सोपं नाही. घराघरांत कानडी बोलतात. बायका कॅमेऱ्यासमोर मराठीत दोन वाक्यं बोलतात आणि मनातलं सांगायची वेळ आली की कानडीत जातात. म्हणून दुभाषा म्हणून तिथलीच एक शिक्षिका सोबत घेतली. एका मावशींनी सांगितलं, की पूर्वी दिवाळी झाली की घराला कुलूप लावून नवरा-बायको ऊसतोडीला जायचे, मुलं आजीकडे ठेवून. आता शेततळ्यामुळे थोडी ज्वारी होते, चार शेळ्या आहेत, म्हणून दोन हंगाम गेल्या नाहीत. हे सांगताना त्या थांबल्या, पदराने तोंड पुसलं आणि परत बोलल्या. आम्ही कॅमेरा चालू ठेवला. "ताई, हे कट करायचं नाही," असं माझा कॅमेरामन परतीच्या वाटेवर म्हणाला. या कामासाठी भाड्याचा दुसरा कॅमेरा, ड्रोनवाला, साऊंडचा मुलगा, गाडी, जेवण, व्हॉइस ओव्हर हे सगळे खर्च मी रोख किंवा यूपीआयने त्या त्या दिवशी दिले. यांतल्या कुणाकडेच जीएसटी नाही, म्हणजे मला इनपुट क्रेडिट, खर्चावरच्या जीएसटीची आपल्या करातून वजावट, तीही नाही.

मार्चच्या मधल्या आठवड्यापर्यंत सहाही फिल्म्सचे वॉटरमार्क टाकलेले प्रीव्ह्यू गेले. दुरुस्त्या आल्या, त्या केल्या. "क्लायंटला खूप आवडलं," असा मेल आला. आणि मग तीन मागण्या आल्या, एकामागून एक. पहिली: परवा बोर्ड मीटिंग आहे, वॉटरमार्क नसलेली क्लीन कॉपी पाठवा, "फक्त स्क्रीनवर दाखवायचंय." दुसरी: पूर्ण रकमेचं टॅक्स बिल ३१ मार्चच्या आत द्या, नाहीतर कंपनीचं बजेट लॅप्स होईल. तिसरी: सगळं कच्चं फुटेज हार्ड डिस्कवर पाठवा, कंपनीच्या ऑडिटला लागतं. प्रत्येक मागणीमागे खरं वाटावं असं कारण होतं, कारण बोर्ड मीटिंग, बजेट आणि ऑडिट या तिन्ही गोष्टी मार्चमध्ये खरोखरच असतात. मी म्हटलं, आधी निम्मे पैसे द्या. त्यांनी बँकेच्या ट्रान्सफरचा स्क्रीनशॉट पाठवला, "सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी दिसेल." हार्ड डिस्क त्यांचा माणूस सांगलीला येऊन घेऊन गेला. सोमवारी काही दिसलं नाही. स्क्रीनशॉट बनावट होता. बँकेत चौकशी केली तेव्हा त्यावरचा यूटीआर नंबर, म्हणजे बँक व्यवहाराचा क्रमांकच, अस्तित्वात नव्हता.

स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, हे शंभरदा सांगितलं तरी कमीच. यूटीआर नंबर घ्या, आपल्या खात्यात रक्कम पाहा आणि मगच कुरिअरवाल्यासाठी दार उघडा.

यानंतरचं सगळ्यांना ओळखीचं वाटेल. आधी "कंपनीने अजून रिलीज केलं नाही," मग "अकाउंट्सवाले रजेवर आहेत," मग फोन उचलणं बंद. त्या माणसाने व्हॉट्सॲपवर डिसअपिअरिंग मेसेज सात दिवसांवर लावून ठेवले होते, त्यामुळे रोज काहीतरी पुरावा पुसला जात होता. एडिटरच्या ते लक्षात आलं म्हणून उरलेलं चॅट एक्स्पोर्ट करता आलं. तुमच्या कुठल्याही क्लायंटने ही सेटिंग सुरू केली, तर त्याच दिवशी ठरलेल्या गोष्टी ई-मेलवर लिहून पाठवा.

शेवटी मी थेट कंपनीच्या सीएसआर विभागाला फोन केला. तिथल्या बाई चकित झाल्या. त्यांनी एजन्सीला पूर्ण पैसे फेब्रुवारीतच दिले होते, माझ्या रेटच्या कितीतरी पट. म्हणजे "अप्रूव्हल बाकी आहे" असं मला सांगितलं जात होतं, तेव्हा पैसे येऊन महिना उलटला होता.

जूनमध्ये फॉर्म २६एएस उघडला, आपल्या नावावर किती कर जमा झाला ते त्यात दिसतं. माझ्याकडून कापलेले १०,००० रुपये सरकारात भरलेच नव्हते. आणि एप्रिलमध्ये मी मार्चच्या बिलावरचा ७५,६०० रुपये जीएसटी खिशातून भरला होता, कारण बिल काढलं की कर लागू होतो, पैसे मिळोत न मिळोत. उशीर केला तर वर १८ टक्के व्याज. म्हणजे आलेल्या ९०,००० मधून कर जाऊन सहा फिल्म्सचे माझ्याकडे १४,४०० रुपये राहिले आणि खर्च सगळा अंगावर. पैसे बुडाले म्हणून भरलेला जीएसटी परत मिळण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. मार्चच्या आत बिल मागण्याचं खरं कारण तेव्हा लक्षात आलं. माझ्या बिलावर त्यांना खर्च दाखवता येत होता आणि मी भरलेल्या कराचं क्रेडिट घेता येत होतं. १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं, असा नियम आहे, आणि तो मी एजन्सीला पाठवलेल्या नोटिशीत लिहिला. हा मुद्दा तुमच्या सीएला जरूर विचारा. अशा लोकांना वकिलापेक्षा कर खात्याची भीती जास्त असते, असं माझं मत झालं आहे.

त्यांच्या वकिलाचं उत्तर आलं, त्यात एक वाक्य असं होतं की फिल्म्सचा कॉपीराइट मुळातच त्यांच्याकडे आहे. मी रागाने वकिलांकडे गेले. ते म्हणाले, कायदा वाचा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे मोबदला ठरवून दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेल्या फिल्मचा पहिला मालक तो सांगणारा असतो, उलट करार नसेल तर. कॅमेरा आपला, मेहनत आपली, म्हणून हक्क आपला, असं आपल्यापैकी बहुतेक जण धरून चालतात. तसं नाही. मोबदलाच दिला नाही तर काय, यावर भांडता येतं, पण ते कोर्टात, वर्षानुवर्षं. त्यापेक्षा सुरुवातीच्या करारात एक वाक्य घाला: "पूर्ण रक्कम खात्यात जमा होईपर्यंत फिल्मचे व कच्च्या फुटेजचे सर्व हक्क निर्मात्याकडे राहतील." आता या वाक्याशिवाय मी कॅमेऱ्याची बॅग उघडत नाही. क्लायंटने ते खोडलं, तर त्याचा हेतू तिथेच कळतो.

पैशांपेक्षा जास्त लागली ती पुढची गोष्ट. दिवाळीच्या सुमाराला एडिटरला लिंक्डइनवर दुसऱ्याच एका कंपनीची सीएसआर फिल्म दिसली. त्यात आमच्या मावशी होत्या. तेच शेततळं, तोच पदर, तोच थांबा. त्या कानडीत बोलत होत्या आणि खाली इंग्रजी सबटायटलमध्ये त्या दुसऱ्या कंपनीचे आभार मानत होत्या. त्या कंपनीने त्या गावात पाऊलही ठेवलेलं नाही. एका बाईने विश्वासाने सांगितलेलं आयुष्य दोनदा विकलं गेलं. कच्चं फुटेज का हवं होतं ते तेव्हा समजलं. क्लीन कॉपी गेली तर एक फिल्म जाते, कच्चं फुटेज गेलं तर त्यातून कितीही फिल्म्स निघतात आणि ज्यांनी दारात बसवून चहा पाजला त्यांच्या तोंडी कुणीही काहीही घालू शकतं.

इथे एक कागद कामी आला. शूटिंगच्या वेळी प्रत्येकाचं संमतिपत्र घेतलं होतं, शिक्षिकेने ते कानडीत वाचून दाखवलं होतं आणि त्यात कंपनीचं आणि प्रकल्पाचं नाव लिहून "फक्त याच फिल्मसाठी" असं म्हटलं होतं. मावशींच्या सहीने दुसऱ्या कंपनीला पत्र गेलं, सोबत संमतिपत्राची प्रत. त्यांनी फिल्म काढून टाकली. तेही त्याच एजन्सीकडून फसले होते. संमतिपत्र हा आपल्या सोयीचा कागद समजून घाईत सह्या घेतल्या जातात. तो त्या माणसाच्या रक्षणासाठी आहे, म्हणून त्याच्या भाषेत आणि नेमका लिहा.

पोलिसांकडेही गेले. पहिलं उत्तर ठरलेलं: "व्यवहारातले पैसे आहेत, दिवाणी दावा करा." फसवणुकीच्या गुन्ह्यात सुरुवातीपासून हेतू खोटा होता हे दाखवावं लागतं. बनावट स्क्रीनशॉट, न भरलेला टीडीएस आणि साताऱ्या-नाशिकच्या निर्मात्यांचे तसेच अनुभव एकत्र मांडल्यावर अर्ज आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. एकट्याने गेलात तर थकबाकी, तिघे गेलात तर पद्धत दिसते. म्हणून त्याच एजन्सीसाठी काम केलेले लोक शोधा, लाजू नका.

वसुलीसाठी मात्र सगळ्यात उपयोगी ठरलं ते उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंदणी. ही नोंदणी मोफत आहे, ऑनलाइन होते आणि ती काम घेण्याआधीची असावी, नंतरच्या नोंदणीवरून वाद होतात. एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायदा २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. त्या वेळी बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून (माझ्या वेळी त्याचं नाव 'समाधान' होतं) फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशी थकबाकी सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे जाते, आणि खरेदीदार देशात कुठेही असला तरी ती आपल्या भागातल्या कौन्सिलपुढे चालते. निकाल आपल्या बाजूने लागला आणि समोरच्याला त्याला आव्हान द्यायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. तक्रारीच्या निकालासाठी कायद्यात ९० दिवसांची मुदत आहे, प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. तरीही वकिलाच्या फीत बुडण्यापेक्षा हा रस्ता परवडतो.

कौन्सिलपुढे एजन्सीने पहिल्यांदाच लिहिलं की कामाचा दर्जा समाधानकारक नव्हता. "क्लायंटला खूप आवडलं" हा त्यांचाच मेल मी जोडला आहे, डिजिटल पुराव्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रासह. पुढच्या तारखेची वाट पाहते आहे. दरम्यान ती एजन्सी नव्या नावाने लोकांना फोन करते आहे, असं विदर्भातल्या एका मुलाने कळवलं. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला की नोंदणी कधीची आणि रिटर्न भरलेत की नाही हे कुणालाही दिसतं. त्याने पाहिलं, नोंदणी जेमतेम काही आठवड्यांची होती. त्याला सांगितलं, निम्मी रक्कम शूटिंगआधी घे, उरलेली प्रीव्ह्यू पास झाल्यावर, आणि हार्ड डिस्क सगळ्यात शेवटी. त्याने एजन्सीला तसं कळवलं. पुन्हा फोन आला नाही.