वैमानिक संघटनेचं सभासदत्व: वर्गणी भरणाऱ्या एका कॅप्टनचा अभिप्राय

पाचपैकी अडीच. कारणं सविस्तर लिहिते, कारण नुकतंच टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याचं प्रशिक्षण) संपवून लाइनवर, म्हणजे प्रवासी उड्डाणांवर आलेली मुलंमुली मला फ्लाइटमध्ये हमखास विचारतात, "मॅम, संघटनेचा फॉर्म भरू का?" त्यांनी नुसता आकडा बघून ठरवू नये असं मला वाटतं.

मी मुंबई बेसवर (माझ्या ड्युट्या जिथून सुरू होतात ते ठिकाण) ए-३२० जातीचं विमान उडवते. याच कंपनीत एफओ, म्हणजे सहवैमानिक होते, इथेच कमांड मिळून कॅप्टन झाले. संघटनेची सभासद अगदी सुरुवातीपासून. वर्गणी दर महिन्याला पगारातून परस्पर कापली जाते. कंपनीचं आणि संघटनेचं नाव लिहीत नाही, कारण कंपनीशी सेवाशर्तींचा करार अजून व्हायचा आहे. शिवाय इतर कंपन्यांतले बॅचमेट जे सांगतात ते ऐकल्यावर हा अनुभव माझ्या एकटीचा वाटत नाही.

आधी जे उत्तम आहे ते. अडचणीत आलेल्या सभासदामागे ही संघटना उभी राहते. आमच्या एका एफओने सलग रात्रीच्या ड्युट्यांनंतर थकव्याचा रिपोर्ट भरला आणि त्याला कारणे दाखवा नोटीस आली. मुलगा घाबरून गेला होता. संघटनेच्या वकिलांनी त्याच संध्याकाळी त्याला पार्ल्याच्या ऑफिसात बसवून उत्तर लिहून दिलं, चौकशीला सोबत गेले, प्रकरण मिटलं. त्याच्याकडून एक पैसा घेतला नाही. मेडिकलमध्ये तात्पुरतं अनफिट ठरल्यावर लायसन्स विम्याची (उडता येत नसेल तेव्हा भरपाई देणारा विमा) कागदपत्रं करून देणं, नोकरीच्या बॉण्डच्या रकमेवरून वाद झाला तर पत्रव्यवहार करणं, ही कामं तिथे चोख होतात. ऑफिस सांभाळणारे काका फोन उचलतात, आणि कुठला फॉर्म कुठे द्यायचा हे त्यांना तोंडपाठ आहे. या भागाला मी पाचपैकी पाच देईन.

संघटना नावाची गोष्ट किती मोठं काम करू शकते हेही आपण सगळ्यांनी पाहिलंय. ड्युटी आणि विश्रांतीचे नवे नियम डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले: आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत, रात्रीची लँडिंग सहावरून दोन. कंपन्यांनी विरोध केला, अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या म्हणून ते नियम १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. एकट्या वैमानिकाच्या हातून हे कधीच झालं नसतं.

आता वाटाघाटी. अडीच तारे इथे गेले.

आमच्या सोसायटीतही लोक म्हणतात, पायलटचा पगार लाखांत, यांना आणखी काय हवंय. म्हणून थोडं समजावते. आमच्या उत्पन्नाचा मोठा भाग उड्डाण भत्ता असतो आणि तो ब्लॉक तासांवर मोजला जातो, म्हणजे विमान पार्किंगमधून हललं तेव्हापासून दुसऱ्या ठिकाणी थांबेपर्यंत. विमान उशिरा आलं म्हणून टर्मिनलवर काढलेले तीन तास त्यात येत नाहीत. बोलावणं येईल म्हणून घरी गणवेश इस्त्री करून स्टँडबाय बसलेला दिवस, सिम्युलेटरचा दिवस, प्रवासी म्हणून दुसऱ्या शहरात नेऊन ठेवलेला प्रवास, यांचे पैसे किती आणि मिळणार का, हे ज्या त्या करारावर ठरतं. म्हणून हमी तास महत्त्वाचे. उड्डाण कमी मिळालं तरी इतक्या तासांचे पैसे पक्के, एवढा त्याचा अर्थ. एप्रिल २०२३ मध्ये एअर इंडियाच्या नव्या करारात हे हमी तास ७० वरून ४० वर आले आणि तिथल्या दोन्ही संघटनांनी विरोध केला. एप्रिल २०२४ मध्ये विस्तारा या विमान कंपनीची उड्डाणं रद्द झाली त्यामागेही हाच ७० आणि ४० चा वाद होता. आजारपण, गरोदरपण, पावसाळ्यात रद्द झालेल्या फ्लाइट, अशा महिन्यात घराचा हप्ता या आकड्यावर चालतो.

आमच्या वाटाघाटींची सुरुवात खरंच छान झाली होती. संघटनेने सर्वांना प्रश्नावली पाठवली. मी ती दिल्लीच्या लेओव्हरला हॉटेलात बसून भरली, प्रत्येक प्रश्नाखाली कारणं लिहिली. मागणीपत्रात हमी तास होते, स्टँडबायचा मोबदला होता, ४८ तासांच्या विश्रांतीत रजा मिसळू नये असं कलम होतं, गरोदरपणात जमिनीवरच्या कामावर असताना सरासरी उड्डाण भत्ता मिळावा अशी मागणी होती. ही शेवटची मागणी मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी मिळून शब्दबद्ध केली. कार्यकारिणीने ती घेतली तेव्हा मी ऑफिसात जाऊन आभार मानले होते.

त्यानंतर दार बंद झालं. वाटाघाटी समितीने कंपनीबरोबर गोपनीयतेच्या कागदावर सही केली आणि सभासदांना ग्रुपवर "बोलणी सकारात्मक वातावरणात सुरू आहेत" एवढंच येऊ लागलं. महिनोन्‌महिने तेच वाक्य. कुठल्या मुद्द्यावर कंपनी अडून बसली आहे, कुठला आपण सोडला, काही नाही. आणि जे आम्हा सभासदांना सांगितलं जात नव्हतं ते ड्युट्या लावणाऱ्या रोस्टर विभागातल्या लोकांना माहीत होतं. स्टँडबायचा मुद्दा सोडल्याचं मला क्रू पिकअपच्या गाडीत, दुसऱ्या कोणाच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. मला त्या क्षणी जे वाटलं ते रागापेक्षा अपमानाच्या जवळचं होतं. ज्यांना मी माझ्या वतीने बोलायला पाठवलं त्यांनीच मला बाहेरची ठरवलं होतं.

मग सर्वसाधारण सभा. पार्ल्यातला हॉल, रविवारची सकाळ. ज्या दिवशी भरपूर फ्लाइट असतात त्या दिवशी सभा ठेवली की निम्मे सभासद हवेत असणार हे वैमानिकांच्या संघटनेला वेगळं सांगायला नको. ऑनलाइन मतदान नाही, लेखी मत पाठवायची सोय नाही, हात वर करून ठराव. टेबलावर कराराचा मसुदा नव्हता, दोन पानी सारांश होता. मी उठून मसुदा मागितला.

"कॅप्टन, सगळं उघड करून वाटाघाटी होत नसतात," सरचिटणीस म्हणाले.

"सर, बोलणी उघड करा असं मी म्हणत नाही. सही करायच्या आधी कागद वाचायला द्या, एवढंच म्हणतेय."

मसुदा कायदेशीर सल्लागारांकडे आहे, असं उत्तर मिळालं. टाळ्या वाजल्या, पण त्या कोणासाठी होत्या ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या सारांशातलं एक वाक्य इथे देते, कारण माझा सगळा आक्षेप त्यात आहे. "बेसविषयक तरतुदी परस्पर संमतीने ठरवल्या जातील." मुंबईतल्या क्रूसाठी आज यापेक्षा मोठा प्रश्न नाही. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं सुटायला लागली. आमच्यातले बहुतेक जण अंधेरी, गोरेगाव, मीरा रोड, पार्ले इथे राहतात, कारण वीसेक वर्षं सगळ्यांनी सांताक्रूझ आणि सहार डोळ्यांसमोर ठेवून घरं घेतली. आता सांगा, मुंबई आणि नवी मुंबई हा एकच बेस धरायचा की दोन? पहाटे चारच्या रिपोर्टिंगला गोरेगावहून उलव्याला जायचं तर माणूस किती वाजता उठेल? अटल सेतूवरून रस्ता मोकळा असला तरी तो वेळ ड्युटीत मोजला जात नाही, ड्युटी रिपोर्टिंगपासून सुरू होते. एका विमानतळावरून निघून दुसऱ्यावर उतरलं तर घरी कोण सोडणार, आणि विश्रांतीचे तास कधीपासून धरणार? हे पैशाइतकेच सुरक्षेचे प्रश्न आहेत. लँडिंगच्या वेळी मी किती तास जागी आहे याच्याशी मागे बसलेल्या १८० माणसांचा थेट संबंध आहे. आणि त्याला उत्तर काय, तर परस्पर संमती! कोणाची संमती? माझी तर कोणी विचारली नव्हती.

गरोदरपणाच्या भत्त्याचा सारांशात उल्लेखच नव्हता. फेटाळला, पुढे ढकलला की विसरला, काहीच नाही. देशात महिला वैमानिकांचं प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा खूप वर आहे, साधारण १५ टक्के, याचा अभिमान आमची संघटनाही प्रत्येक महिला दिनाला पोस्ट टाकून व्यक्त करते. वाटाघाटी समितीत मात्र एकही बाई नाही. एकही एफओ नाही. समितीतले सगळे ज्येष्ठ कॅप्टन आहेत, ज्यांना स्टँडबाय क्वचित लागतं. ते वाईट माणसं आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. स्वतःचे सुट्टीचे दिवस ते या बोलण्यांत घालवतात. पण ज्याला जे टोचत नाही ते त्याच्या हातून आधी सुटतं.

माझे बाबा बँकेत कारकून होते, फोर्टच्या शाखेत. बँकांची व्यवस्थापनं आणि कर्मचारी संघटना यांच्यातला द्विपक्षीय करार १९६६ पासून चालत आला आहे. बाराव्या करारावर ८ मार्च २०२४ रोजी सह्या झाल्या, १७ टक्के वाढ मिळाली. बाबा निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी त्यांनी तो पूर्ण वाचला, कारण तो सगळ्यांना वाचायला मिळतो. लहानपणी आमच्या कपाटात त्या करारांच्या पुस्तिका असायच्या आणि युनियनचं सर्क्युलर आलं की बाबा जेवायच्या आधी ते पेन्सिलने खुणा करत वाचायचे. रजेचं कलम कुठलं, बदलीचं कुठलं, त्यांना पाठ असायचं. मी सत्तर-ऐंशी टनी विमानं उडवणाऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसले तरी माझ्या सेवाशर्तींबद्दल मला बाबांपेक्षा कमी माहिती आहे, हे मला सलतं.

अमेरिकेतही वैमानिक आपल्या संघटनांवर चिडतात, वर्षानुवर्षं रखडणाऱ्या वाटाघाटींवर तर फारच. तिथल्या रेल्वे लेबर अॅक्टखाली (तो विमान कंपन्यांनाही लागू आहे) जुना करार संपत नाही, तो नवा होईपर्यंत चालूच राहतो, आणि सरकारी मध्यस्थ मंडळाने मोकळं केल्याशिवाय संपही करता येत नाही. पण संघटनेने कंपनीशी मान्य केलेला तात्पुरता करार सभासदांच्या मताला टाकला जातो. युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्याच संघटनेने आणलेला करार ९४ टक्के मतांनी फेटाळला. संघटना मोडली नाही. तीच संघटना परत टेबलावर गेली आणि २०२३ मध्ये बराच चांगला करार घेऊन आली, तो सभासदांनी मंजूर केला. सभासदांचं "नाही" हे वाटाघाटी करणाऱ्याच्या हातातलं बळ असतं. आमच्या समितीला ते ओझं वाटतं.

काही सहकाऱ्यांनी सभेनंतर राजीनामे दिले. त्यांचा संताप मला पूर्ण कळतो, तरी मी दिला नाही, आणि नव्या मुलांनाही फॉर्म भरा असंच सांगते. आपला धंदा वेगळा आहे. २०१७ च्या डीजीसीए नियमाप्रमाणे कॅप्टनला नोकरी सोडायची तर एक वर्षाची नोटीस, एफओला सहा महिन्यांची. पटत नाही म्हणून पुढच्या महिन्यात दुसरीकडे गेलो, असं आपल्याला करता येत नाही. वर्षभर त्याच रोस्टरवर राहून एकट्याने भांडायचं असेल तर कंपनीला घाई कसली? त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. एकापेक्षा जास्त संघटना असतील तर ५१ टक्के कामगार ज्या संघटनेकडे, तीच एकमेव वाटाघाटी करणारी संघटना. सभासद गळत गेले तर टेबलावरची खुर्चीच जाण्याची भीती आहे.

आमचे एक ज्येष्ठ कॅप्टन जेट एअरवेजमधून आलेले. संघटना काढली म्हणून तिथे सहकाऱ्यांना काढून टाकलं, तेव्हा सप्टेंबर २००९ मध्ये तिथले वैमानिक एकजुटीने आजारी रजेवर गेले आणि काही दिवसांत काढलेल्यांना परत घ्यावं लागलं. मी त्यांना विचारलं, एवढी एकी कशी राहिली? म्हणाले, "अगं, तेव्हा रोज रात्री प्रत्येकाला कळायचं की आज काय झालं. कळत राहिलं की माणूस थांबतो."

तर माझं मत असं: कायदेशीर मदत आणि विम्यासाठी डोळे मिटून सभासद व्हा. वाटाघाटींच्या बाबतीत आज जे मिळतंय ते वर्गणीच्या मोबदल्यात कमी आहे, आणि ते सभासदांनीच मागून घ्यावं लागेल. संघटनेच्या घटनेप्रमाणे पुरेशा सभासदांच्या सह्या असतील तर विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. अर्ज तयार आहे. त्यात चार मागण्या आहेत: सहीआधी पूर्ण मसुदा किमान १५ दिवस सर्व सभासदांकडे, गुप्त ऑनलाइन मतदान, समितीत एफओ आणि महिला वैमानिकांना जागा, आणि नवी मुंबईचं कलम स्पष्ट शब्दांत. अर्ज पार्ल्याच्या ऑफिसात काकांकडे ठेवला आहे, सोमवार ते शनिवार अकरा ते सहा. सही करताना सभासद क्रमांक लिहा, नाहीतर ती धरली जात नाही. परगावच्या बेसवर असाल तर स्कॅन करून पाठवलेली सहीही चालते, मी सरचिटणीसांकडून तसं लेखी घेतलं आहे.