अडचणीच्या जागी खिळा मारायचाय: पंच, पाम नेलर, ब्रॅड गन का सरळ स्क्रू?

हातोडी फिरत नाही म्हणून कुठलं मशीन घेऊ असं विचारणारे बरेच जण दिसतात, विशेषतः पावसाळ्याआधी, कारण खानापूर-जांबोटीकडं कौलारू घरांची रीपा-वाशांची डागडुजी त्याच वेळी निघते आणि बेळगाव शहरात टिळकवाडी-अनगोळकडच्या फ्लॅटमधे ओट्याखालच्या कपाटांची. पण दुकानात जायच्या आधी टेप घेऊन दोन मापं घ्या. एक, खिळा ज्या दिशेनं आत जाणार त्याच सरळ रेषेत मागं किती जागा आहे. दुसरं, बाजूला किती जागा आहे. जागा समोरून, म्हणजे खिळ्याच्या मागच्या सरळ रेषेत, कमी आहे का बाजूनं, यावर सगळं ठरतं आणि नेमकं हेच कोण बघत नाही, सगळे "अडचण आहे" एवढंच सांगतात.

बाजूनं अरुंद पण मागं सरळ मोकळं असेल, म्हणजे दोन वाशांच्या मधे खोलवर किंवा कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात, तर लांब पंच, म्हणजे खिळ्यावर टेकवायची लोखंडी कांडी, घ्या, दुसरं काही बघू नका. पंच खिळ्याच्या डोक्यावर टेकवायचा आणि हातोडी बाहेर मोकळ्या जागेत मारायची, बस्स. तयार पंच बाजारात मिळतात ते बहुतेक ४-५ इंचाचे, खिळ्याचं डोकं लाकडात बुडवायला केलेले, खोल जागी हात पोचत नाही. आपल्याकडं उद्यमबागची औद्योगिक वसाहत आहे ना, तिथं लेथवाल्याकडून १०-१२ एमएमच्या सळईचा ९-१० इंचाचा करून घ्या, साध्या एमएसपेक्षा (मऊ पोलादापेक्षा) ईएन ८ या जास्त कडक पोलादाची सळई बरी, डोकं लवकर पसरत नाही. टोकाला छोटासा खळगा करायला सांगा म्हणजे खिळ्यावरून घसरणार नाही. आणि त्यावर सैल बसणारा पाईपचा तुकडा घेतला, की खिळा पाईपात ठेवायचा, मागनं पंच घालायचा आणि ठोकायचं, जिथं बोटं जातच नाहीत तिथं खिळा धरायचा प्रश्न यानंच सुटतो. खिळा खाली तोंड करून पडत असेल तर पाईपाच्या टोकाशी बाहेरून एक लोहचुंबक चिकटवा.

आता उलटं. बाजूनं मोकळं पण समोर भिंत नाहीतर दुसरा वासा आडवा, तिथं पंच कामाचा नाही कारण तो स्वतःच १० इंच जागा खातो. इथं पाम नेलरचा विचार करा. तळहातात मावणारं हवेवर चालणारं मशीन, खिळा टोकात चुंबकानं धरतं, दाबलं की आतला पिस्टन भराभर ठोके देत राहतो, हात उगारायची गरजच नाही. सुटे साधे खिळे चालतात, साधारण २ ते ३.५ इंचाचे. पण हिशोब करा, मशीनची उंची ५ इंचाच्या आसपास आणि बाहेर राहिलेला खिळा ३ इंच, म्हणजे ८ इंच तर लागलेच. शिवाय ८०-१०० पीएसआय इतका हवेचा दाब देणारा कंप्रेसर लागतो, पाईप ओढत माळ्यावर चढायचं, आणि लाईट गेली की टाकीत उरलेल्या हवेवर किती चालणार. घरात कंप्रेसर आधीच असेल किंवा अख्खं छप्पर उतरवून करायचं असेल तरच घ्या, चार खिळ्यांसाठी लई खर्चाचं काम आहे ते, त्यापेक्षा मिस्त्रीकडचं एक दिवसासाठी मागून आणा.

ब्रॅड गन, म्हणजे फर्निचरवाले वापरतात ती एफ ३०, बऱ्याच जणांना हीच घ्यावीशी वाटते कारण रोज बघण्यात असते. १८ गेजच्या पिना, १० ते ३० एमएम. पट्टी, बीडिंग, प्लायची पाठ, तेही खाली फेविकॉल लावून, इतकंच तिचं काम. नाक बारीक असलं तरी बॉडी वीतभर उंच असते तेव्हा समोरून कमी जागेत तीही अडते. वजन पेलणाऱ्या जागी तिचा भरवसा अजिबात धरू नका.

हातोडीची गोष्ट थोडक्यात: दांडा आखूड धरून किंवा आखूड दांड्याची हातोडी घेऊन बरंच काम होतं, आणि अगदीच नाही जमलं तर खिळ्यावर जाड लोखंडी पट्टी आडवी टेकवून तिच्या बाहेरच्या भागावर मारायचं. खिळ्यापासून जितकं लांब माराल तितका जोर वाया जातो, म्हणून जवळात जवळ मारा. फक्त एका हातोडीच्या तोंडावर दुसरी हातोडी मारू नका, दोन्ही कडक पोलाद, कपची उडून डोळ्यात जाते.

माझं स्वतःचं मत विचाराल तर घरकामाला पहिली खरेदी एल आकाराच्या ड्रिल अटॅचमेंटची करा. नेहमीच्या ड्रिलला लागतं, छोटा बिट घातला की ३-४ इंचात काम होतं. कारण खरी अडचण ठोकण्याच्या आधीच सुरू होते, सागवान किंवा ऐनासारख्या लाकडाला कडेला भोक न पाडता खिळा मारला की चीर पडते नाहीतर खिळा वाकतो, आणि जिथं हातोडी जात नाही तिथं ड्रिल मशीनही जात नाही. ३ एमएमच्या खिळ्याला २ ते २.४ एमएमचं भोक पुरे. अटॅचमेंट नसेल तर गिरमिट वापरा, वेळ लागतो पण कुठंही जातं. आणि भोक पाडताच आलं तर कपाट, बिजागरी, शेल्फ अशा ठिकाणी खिळा कशाला, स्क्रूच पिळा, वर थोडा साबण लावून. काळे जिप्समचे स्क्रू मात्र नको, ते ठिसूळ, बाजूनं भार आला की कट्कन तुटतात, लाकडाचेच घ्या. इम्पॅक्ट ड्रायव्हरवर (ठोके देत स्क्रू पिळणारं मशीन) साधी अटॅचमेंट लावू नका, आतले गिअर जातात.

वासे-रीपांना मात्र खिळाच बरा, तो वाकेल पण लगेच तुटणार नाही. आणि कणकुंबीकडच्या पावसात साधा खिळा गंजतो, ऐन-सागवानात त्याच्याभोवती काळा डागही पडतो, तेव्हा गॅल्व्हनाइज्डच मागा. लांबी किती, तर बसवायच्या फळीच्या जाडीच्या तिप्पट धरा, पण समोरून जागा कमी असेल तर आधी मोजलेल्या मापातून मशीनची उंची वजा करून जेवढं उरतं त्याच्यापेक्षा लांब खिळा घेऊ नका, तिथं मग थोडा आखूड खिळा तिरका करून दोन बाजूंनी मारला तरी चांगला धरतो.