गेमिंग लॅपटॉप, नऊ-दहा महिने वापरून : ग्राफिक्स ड्रायव्हर सारखा क्रॅश होत होता त्याची सगळी कथा

लॅपटॉपचं आधी उरकतो. १६ जीबी रॅम, ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, १४४ हर्ट्झची स्क्रीन आणि २३० वॉटचा विटेएवढा चार्जर. कीबोर्ड मस्त, स्पीकर ठीकठाक, वेबकॅम असून नसल्यासारखा, फॅन फुल स्पीडला गेला की शेजारच्या खोलीतून आवाज येतो "बंद कर रे ते". कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे दुखणं कुठल्याही कंपनीच्या गेमिंग लॅपटॉपला होऊ शकतं.

तर दुखणं असं, की पहिले दोन-अडीच महिने मक्खन चाललं आणि मग गेम खेळता खेळता स्क्रीन काळी व्हायला लागली, आवाज चालूच, हेडफोनमध्ये पोरं ओरडतायत "अरे कुठे गेला", आणि दोन-चार सेकंदांनी डेस्कटॉप परत येतो पण गेम बंद आणि एक खिडकी, डिव्हाइस रिमूव्ह्ड की डिव्हाइस हंग असं काहीतरी. कधी कधी थेट निळी स्क्रीन, त्यावर व्हिडिओ टीडीआर फेल्युअर.

हे टीडीआर (टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी) काय ते समजून घ्या, अर्धं काम तिथेच होतं. विंडोज ग्राफिक्स कार्डला काम देते आणि वाट बघते, ठरलेली मर्यादा २ सेकंद. तेवढ्यात कार्डाने हालचाल केली नाही तर विंडोज समजते की हे अडकलं आणि ड्रायव्हर (विंडोज आणि कार्ड यांच्यात दुभाष्याचं काम करणारं सॉफ्टवेअर) रिसेट करते. व्हिस्टापासून ही सोय आहे, आणि खरं तर चांगली आहे, त्याआधी अख्खा पीसीच गोठायचा. पण यात गोची अशी की मेसेज येतो "डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पॉन्डिंग", आणि आपण ड्रायव्हरच्या मागे लागतो. कार्ड का अडकलं ते त्या मेसेजमध्ये कुठेच नसतं. गरम झालं असेल, वीज कमी पडली असेल, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) खराब असेल, गेममध्येच बग असेल, नाव मात्र ड्रायव्हरचं येतं.

मीही नेहमीचं सगळं केलंच. डीडीयू (ड्रायव्हर मुळासकट काढणारं सॉफ्टवेअर) टाकून सेफ मोडमध्ये (यात विंडोज मोजक्याच गोष्टींवर सुरू होते) जुना ड्रायव्हर साफ केला, नेट बंद ठेवून (नाहीतर विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं) नवीन टाकला, मग एक जुना टाकला, मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा टाकला. दरवेळी तीन-चार दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. सेफ मोडला जाणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी बघा, बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की हाताशी आहे का आणि अकाउंटचा खरा पासवर्ड आठवतो का, कारण तिथे पिन चालेलच असं नाही.

यूट्यूबवर अर्धे लोक सांगतात रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये) टीडीआर डिले, म्हणजे ती २ सेकंदांची मर्यादा, वाढवा, २ चे ८ करा १० करा. नका करू. मायक्रोसॉफ्ट स्वतः म्हणतं की त्या सेटिंग ड्रायव्हर बनवणाऱ्यांच्या टेस्टिंगसाठी आहेत. मी १० करून बघितलं तर काय झालं, आधी दोन सेकंद काळी स्क्रीन असायची ती आता दहा सेकंद, बाकी काही फरक नाही. ब्लेंडरसारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये जड रेंडर करताना कार्डाला खरंच वेळ लागत असेल तर गोष्ट वेगळी, गेमसाठी नाही.

मग संशय गरमीवर. आमच्या जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो त्यामुळे घरातल्या सगळ्यांचं एकमत, "तापतोय तो". एचडब्ल्यूइन्फो (तापमान वगैरे नोंदवणारं सॉफ्टवेअर) लावून लॉग ठेवला तर क्रॅशच्या क्षणाला कार्ड ७५-७८ अंशांवर, म्हणजे गेमिंग लॅपटॉपच्या मानाने काहीच नाही. शिवाय दिवाळीनंतरच्या थंडीतही क्रॅश चालूच होते. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर तो पोरगा म्हणे, "सर घेऊन या, विंडोज मारून देतो." म्हटलं राहू दे, विंडोज मला पण मारता येते.

शेवटी सापडलं ते इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजमध्ये काय काय घडलं त्याच्या नोंदी इथे दिसतात), आणि हा भाग नीट वाचा. सिस्टम लॉग उघडायचा. ग्राफिक्स ड्रायव्हर रिसेट झाला की तिथे डिस्प्लेच्या नावाने ४१०१ नंबरची नोंद पडते. सगळे लोक तीच नोंद कॉपी करून गूगलला टाकतात. मी तिच्या *आधीच्या* नोंदी बघायला लागलो. तर बहुतेक वेळा, दोन-तीन सेकंद आधी, कर्नल-पॉवर, १०५. १०५ म्हणजे वीज कुठून येतेय ते बदललं, चार्जरवरून बॅटरीवर किंवा उलट. आणि एक नाही, लागोपाठ तीन-चार, एकाच सेकंदात बॅटरी, चार्जर, बॅटरी, चार्जर. आता मी गेम खेळताना चार्जर काढतोय थोडाच! आणि लाईट गेली म्हणावं तर घरात इन्व्हर्टर आहे, आणि लाईट जाऊन इन्व्हर्टरवर येते तेव्हा पंखा क्षणभर मंदावतो ते कळतंच की.

मग चार्जरची पिन लॅपटॉपमध्ये लावून वायर पिनपाशी, जिथे ती रबरी बाही संपते ना, तिथे बोटाने हळूच वाकवली. चार्जिंगचा दिवा विझला. सोडली, लागला. डेस्कवर लॅपटॉप मागे भिंतीला टेकलेला असायचा आणि वायर तिथे काटकोनात दुमडलेली, त्यामुळे आतली तार तुटत आलेली. टेबल जरा हललं, माउस जोरात आपटला की कनेक्शन क्षणभर जायचं.

त्या एका क्षणात आत काय होतं बघा. चार्जरवर कार्डाला शंभरच्या वर वॉट मिळत असतात, बॅटरीवर गेलं की लॅपटॉप ती मर्यादा एकदम खाली आणतो, त्याच वेळी कंपनीचं ते सेटिंगवालं सॉफ्टवेअर स्क्रीन १४४ वरून ६० हर्ट्झवर नेतं, कार्ड भर लोडमध्ये असताना. आणि हे पूर्ण व्हायच्या आत चार्जर परत आला की सगळं उलट. साधं ब्राउझिंग चालू असेल तर नुसती स्क्रीन लुकलुकते. गेम चालू असेल तर कार्ड अडकतं, २ सेकंद संपतात, ४१०१. डेस्कटॉप पीसीवाले मित्र सल्ले देत होते ते म्हणूनच कामाला येत नव्हते, त्यांच्याकडे बॅटरी ही भानगडच नाही.

चार्जर वॉरंटीत होता. सर्व्हिस सेंटरला आधी पटेना, मग पिनपाशी वायर वाकवून दिवा विझतानाचा व्हिडिओ आणि लॉगचा स्क्रीनशॉट दाखवला तेव्हा निमूटपणे बदलून दिला, पण यायला तीन आठवडे घातले. मधल्या काळात टाइप-सीच्या १०० वॉट चार्जरवर ऑफिसचं काम झालं, गेमिंग विसरा, तेवढ्या वॉटमध्ये कार्ड दमच धरत नाही. बाहेरचा स्वस्तातला "सेम टू सेम" चार्जर मिळत होता, नाही घेतला, एवढ्या महागाच्या मशिनला कशाला ते प्रयोग.

नवीन चार्जर आल्यावर क्रॅश जवळजवळ थांबले. जवळजवळ म्हणतोय कारण एका ओपन वर्ल्ड गेममध्ये रे ट्रेसिंग (प्रकाश-सावली खरी वाटावी म्हणून असलेलं, कार्डावर जड पडणारं सेटिंग) चालू केलं की अधूनमधून व्हायचंच, आणि तिथे १०५ ची नोंद नाही, म्हणजे हे वेगळं प्रकरण. तिथे आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचा कमाल क्लॉक (वेग) शंभरेक मेगाहर्ट्झ खाली आणला, दोन-तीन एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) गेले, क्रॅश गेला. स्क्रीनचं आपोआप ६० हर्ट्झवर जाणंही बंद करून ठेवलंय आणि गेमच्या वेळी हायब्रिड मोड (यात स्क्रीन प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्समधून चालते) न ठेवता स्क्रीन थेट मोठ्या कार्डावर टाकतो, लॅपटॉपमध्ये ही अदलाबदल करणारा मक्स स्विच असेल तर ते सेटिंग मिळतं. याने क्रॅश कमी झाले की नाही छातीठोकपणे सांगणार नाही, एफपीएस मात्र वाढले. बॅटरी दीड तासात संपते तो भाग वेगळा.

अजून एक, क्रॅश होऊन स्क्रीन काळी राहिली तर लगेच पॉवर बटण दाबून धरू नका, विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. बीप येतो, ड्रायव्हर रिसेट होतो, आणि बऱ्याचदा निदान सेव्ह न केलेलं काम तरी वाचतं.

लॅपटॉपला पाचपैकी साडेतीन. अर्धा चार्जरच्या वायरसाठी कापला, अर्धा सर्व्हिससाठी, आणि अर्धा त्या वेबकॅमसाठी. सेलमध्ये चांगल्या भावात मिळाला तर घ्या, फक्त चार्जिंगचा पोर्ट मागे आहे की बाजूला ते बघून घ्या, मागे असेल तर भिंतीपासून वीतभर लांब ठेवा आणि त्या मॉडेलचा चार्जर तुमच्या गावच्या सर्व्हिस सेंटरला स्टॉकमध्ये असतो का ते घेण्याआधीच विचारा.