गाडीच्या रंगावर सिरॅमिक (पातळ संरक्षक कोटिंग) केलं, पुढच्या भागाला पीपीएफ (पारदर्शक संरक्षक फिल्म) लावलं, दीड वर्षानंतर खरं काय ते सांगतो

गाडी काळी आहे हे आधी सांगतो, कारण पुढची सगळी डोकेदुखी तिथूनच सुरू झाली. पांढऱ्या किंवा सिल्व्हर गाडीवरचे बारीक ओरखडे बघायला टॉर्च मारावा लागतो, काळ्यावर ते उन्हात लांबूनच दिसतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल. त्यामुळे बुकिंग केल्यापासूनच रोज रात्री रंग कसा जपायचा याचे व्हिडिओ बघायचो आणि रोज मत बदलायचो.

शोरूमवाल्याने पहिल्याच दिवशी पॅकेज पुढे केलं, टेफ्लॉन घ्या नाहीतर सिरॅमिक घ्या, पाच वर्षं गाडीकडे बघायला नको म्हणे. मी जवळजवळ हो म्हटलंच होतं, पण सहज विचारलं की लावायच्या आधी पेंटवर काय काम करणार, तर "सर, कंपनीचंच प्रॉडक्ट आहे" एवढंच उत्तर. तिथेच नको म्हटलं. आणि टेफ्लॉनचं म्हणाल तर ते वितळतं 327 डिग्रीला, तव्यावर ते पक्कं बसवायला त्याहून जास्त तापवतात, गाडी तेवढी तापवली तर रंगच उरणार नाही. त्या नावाने जे फासतात ते बहुतेक वेळा साधं सीलंट असतं, म्हणजे रंगावर चोळायचं चमक देणारं लिक्विड, चमकतं छान, पण काही महिन्यांत जातं.

आता पेंटचं गणित. पत्र्यावरचा सगळा रंग, म्हणजे खालचा प्रायमर वगैरे धरून, साधारण 100 ते 150 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, तो 40-50 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. तेवढ्यावर ऊन, धूळ, पक्ष्यांची घाण, फडकी, सगळं चालू असतं. सिरॅमिक त्यावर किती जाड थर देतं? एक-दोन मायक्रॉन. आणि पीपीएफ, ती पारदर्शक फिल्म, 150 ते 200 मायक्रॉन. हे आकडे डोक्यात बसले आणि माझा अर्धा गोंधळ तिथेच मिटला, कारण एक-दोन मायक्रॉनचा थर उडणारा दगड अडवेल कसा, हा प्रश्न मग विचारावाच लागत नाही.

शेवटी मी काय केलं: बोनेट, पुढचा बंपर आणि हेडलाइट यांना पीपीएफ, बाकी पूर्ण गाडीला सिरॅमिक, फिल्मच्या वरूनसुद्धा. पूर्ण गाडीला फिल्म लावायचा मोह झाला होता, पण तो खर्च सिरॅमिकच्या कितीतरी पट होतो, आणि छताला दगड लागत नाहीत हो.

सिरॅमिकबद्दल आधी बोलतो, कारण सगळ्यात जास्त थापा त्यातच मारतात. ते 9एच लिहितात ना डब्यावर, ते पेन्सिलीचं माप आहे. खरंच, पेन्सिलीच, 9एच म्हणजे त्या स्केलवरची सगळ्यात कडक पेन्सिल. लोकांना वाटतं हिऱ्याच्या जवळपास काहीतरी असेल. धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळू कुठल्याही पेन्सिलीपेक्षा कडक, त्यामुळे कोरडं फडकं फिरवलंत की कोटिंग असो नसो, ओरखडा पडतो म्हणजे पडतोच. मग मिळतं काय? धुणं सोपं होतं, हे अगदी खरं. चिखल पाण्याच्या जोरानेच सुटतो, घासावं लागत नाही, आणि घासणं कमी म्हणजे ओरखडे कमी, बस एवढाच त्याचा स्क्रॅचशी संबंध. चमक टिकून आहे, उन्हाने रंग फिका पडलेला नाही, मी खूश आहे.

पण एक गोष्ट कुणीच सांगितली नव्हती, पाण्याचे डाग. कोटिंगवर पाणी मोत्यासारखं गोळा होतं, व्हिडिओत मस्त दिसतं, पण पाणी जड असेल तर तोच प्रत्येक मोती उन्हात सुकून कॅल्शियमचा एक गोल पांढरा डाग सोडून जातो. पहिल्या दोन महिन्यांत छतावर असे डाग पडले की कोटिंग नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. आता धुतली की लगेच पुसतो, आणि भर उन्हात कधीच धूत नाही. पक्ष्यांच्या घाणीचंही तेच, कोटिंगने थोडा वेळ मिळतो पण गरम बोनेटवर ती दिवसभर राहिली तर खाली खड्डा पडू शकतो, म्हणून डिकीत पाण्याची बाटली आणि मायक्रोफायबर कायम ठेवतो. वाळलेलं खरवडायचं नाही, भिजवायचं, थांबायचं, मग उचलायचं.

पीपीएफ मात्र पैसा वसूल. एकदा हायवेवर ट्रकच्या मागून खडी उडाली, आवाज ऐकून पोटात गोळा आला, घरी येऊन बघतो तर फिल्मवर बारीक खूण आणि खाली रंग जसाच्या तसा. ते सेल्फ हीलिंगही खोटं नाही, पण मर्यादेत. फडक्याचे बारीक गोल ओरखडे उन्हात किंवा गरम पाण्याने खरंच भरून येतात, फिल्म कापली गेली तर नाही. घेताना फक्त टीपीयूची (एक लवचिक प्लास्टिक) आहे का ते विचारा. स्वस्तातली पीव्हीसीची फिल्म सुरुवातीला तशीच दिसते, मग पिवळी पडते, कडक होते आणि काढताना जीव जातो.

आता तक्रार. ज्या स्टुडिओत काम केलं त्याचं नाव घेत नाही, माणूस बोलायला चांगला होता, पण ठरलं होतं प्लॉटरवर, म्हणजे कापायच्या मशीनवर, आधीच कापलेली फिल्म लावायची आणि मी जेवायला गेलो तेवढ्यात पोरगा बंपरवर फिल्म ठेवून ब्लेडने कापत बसला होता! नव्या कोऱ्या रंगावर ब्लेड. आरडाओरडा केला, एका कडेला केसाएवढी रेघ दिसतेच आहे, त्यांनी नंतर ती बफ करून बरीच कमी केली. तेव्हा समोर बसून राहा, आणि कडा आत दुमडणार का तेही आधीच विचारा, उघड्या कडेवर धूळ बसून काळी रेघ होते.

आणि गाडी नवी म्हणजे रंग निर्दोष, हे डोक्यातून काढा. माझी डिलिव्हरीच्या दिवशीच स्टुडिओत नेली तर लाइटखाली दरवाज्यांवर भरपूर जाळी दिसली, यार्डात धूळ बसलेली आणि शोरूममध्ये कुणीतरी कोरड्या फडक्याने चकाचक केलेली. आधी क्ले (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी माती), मग हलकं पॉलिश, मग पुसून कोटिंग, दोन दिवस गेले त्यात. हे न करता कोटिंग लावलं तर ते ओरखडे काचेखाली फ्रेम केल्यासारखे आत राहतात. पुढच्या वेळी शोरूमला लिहूनच देणार, गाडी धुवू नका, पुसू नका, प्लास्टिकसुद्धा काढू नका, मी बघतो.

ज्यांना एवढं काही करायचं नाही त्यांनी चांगलं सीलंट घ्यावं, दर चार-पाच महिन्यांनी रविवारी एक तास द्यावा. वॅक्सची चमक मला सगळ्यात उबदार वाटते पण ते काही आठवड्यांत जातं. दोन बादल्या मात्र घ्याच, एक शाम्पूची, एक मिट (धुवायचा हातमोजा) खंगाळायला, त्या दुसऱ्या बादलीच्या तळाशी किती वाळू बसते ते एकदा बघा म्हणजे आजवर काय काय घासत होतो ते कळेल.

माझी चूक एकच राहिली, दरवाज्याच्या हँडलमागच्या खोबणीला फिल्म लावली नाही. तिथे आता बायकोच्या अंगठीच्या आणि माझ्या नखांच्या रेघा आहेत, दोघंही म्हणतो दुसऱ्याच्या जास्त.